खाजणचा दुसरा अल्बम

बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन येताना रंभाला शटर काळं झालेलं दिसलं आणि ती भर रस्त्यात उभी राहिली. मागून आलेल्या डंपरने हॉर्न वाजवला, तरी ती हलली नाही. सकाळी निघताना शटर पिवळं होतं. त्यावर तांबड्या अक्षरांत ‘श्री बापदेव बेंजो पार्टी, कोन’ असं लिहिलेलं होतं आणि खाली काशिरामचं नाव होतं. काशिरामला जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या अक्षरांना तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. आता स्टुलावर चढून, ओढणी कमरेला खोचून तिची सून कादंबरी रोलरने उरलेलं गावाचं नाव, ‘कोन’, झाकत होती.

“काय चाललंय गो?”

“कव्हरचा फोटो काढायचाय, आई. दुसऱ्या अल्बमचा. काळ्यावर पांढरं ‘खाजण’ लिहिणार.”

“आनि माज्या नवऱ्याचं नाव?”

“शिवाला विचारलं होतं मी. तो हो म्हणाला.”

“शिवाचा नवरा व्हता काय तो?”

कादंबरी हसली. तिला वाटलं, सासू विनोद करतेय. रंभाने आयुष्यात फारसे विनोद केले नव्हते. तिने मेथी ओट्यावर टाकली आणि हात न धुताच निवडायला बसली.

रंभा मूळची बेलपाड्याची. बापाची भातशेती होती आणि खाडीकडे मिठागर. आठव्या वर्षापासून तिने मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. तिच्या टाळूवरचे केस त्या जागी कधी दाट झाले नाहीत. अठराव्या वर्षी कोनला लग्न करून आली, ते बेंजोच्या मागून. काशिराम तिच्या चुलतबहिणीच्या हळदीत वाजवत होता. बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा. एका हाताने कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. काशिराम वाजवायला लागला की आख्खा मांडव उठायचा. म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून नाचायच्या. पुढे जमिनी गेल्या, तिमजली घर झालं, खाली शटर लावलेलं गॅरेज झालं. त्यात पार्टीचा टेम्पो आणि ढोलक्या राहत. टेम्पो काशिरामच्या पाठोपाठ विकला गेला.

आता त्या गॅरेजात शिवाचा बँड होता, ‘खाजण’, नाव खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरून ठेवलेलं. शिवा तिचा एकुलता एक. दहाव्या वर्षापासून बापाच्या शेजारी बसून बेंजो शिकला आणि पंचविसाव्या वर्षी त्याने बेंजोची वायर गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. त्यातून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्यांनी आधी दारं बंद केली आणि मग पोरं गोळा झाली. ड्रमवर प्रितम, म्हणजे काशिरामच्या भावाचा मुलगा. बेस गिटार गावातल्याच प्रणितच्या गळ्यात. गायला कादंबरी. ती नवीन पनवेलच्या नोकरदार घरातली, बाप बँकेत. ती आधी बँडमध्ये आली आणि मग घरात. पहिला अल्बम त्यांनी याच गॅरेजात दोन दिवसांत ठोकला. हार्ड रॉक, असं ते म्हणत. रंभाला तो डंपर खडी ओतताना येतो तसा आवाज वाटे. त्यात शटर थरथरल्याचा आवाज होता आणि तिसऱ्या गाण्यात तिच्या कुकरची शिट्टी शिरली होती. लोकांना नेमकी तीच आवडली. मुंबईहून पोरं येऊन शटरपुढे फोटो काढून गेली. “तो बेंजोवाला बँड,” असं त्यांचं नाव पडलं.

आणि हेच नाव शिवाला झोंबलं. दुसऱ्या अल्बमात बेंजो नाही, असं त्याने दिवाळीतच जाहीर केलं. या हंगामात हळदीत वाजवायच्या सुपाऱ्याही घ्यायच्या नाहीत.

“पहिल्यात बापाचा बेंजो कशाला घेतलास, इचारलंस मना?” रंभा तेव्हा म्हणाली होती. “आनि आता टाकतस, ते तरी इचारलंस?”

“घेतला तरी ओरडतस, टाकला तरी ओरडतस. तुला पायजे काय, आये?”

याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते सांगून मागायचं म्हणजे भीक. तिला पार्टी जिवंत हवी होती. हंगामात एक हळद का होईना, पण श्री बापदेव पार्टीने वाजवलेली. एक आख्खा हंगाम रिकामा गेला की गाव विसरतं. माणूस मरतो तेव्हा निदान रडतात. पार्टी मरते तेव्हा लोक नुसता दुसऱ्याचा नंबर विचारतात.

शटर काळं झालं त्याच संध्याकाळी बेलपाड्याहून तिचा मोठा भाऊ कृष्णकांत आला. हातात नारळ, खिशात सुपारी. तो आधी शटरसमोरच थांबला.

“रंभा, पार्टी बंद केली काय गो? लोकं बोलतात ते खरंच हाय मंग.”

“कोन लोकं?”

“सगलीच. आमच्या स्नेहलची हलद हाय. भावोजी बोलला व्हता, पोरीच्या हलदीला मीच वाजवीन. तो तर गेला. मी बोललो, बहिनीला इचारल्याबिगर दुसऱ्याच्या दारात कसा जाऊ? पन शटर बगून वाटतंय, जावाच लागंल.”

रंभाने तारीख विचारली. ती तिला दुसऱ्याच कारणाने पाठ होती. त्याच आठवड्यात मुंबईहून सत्यजीत नावाचा माणूस यंत्रं घेऊन येणार होता, सात दिवस रेकॉर्डिंग करणार होता आणि आठव्या दिवशी यंत्रं उचलणार होता. हळद बरोबर सातव्या दिवशी.

तिने पदर पुढे केला. “टाक, दादूस.”

हळदकुंकू लावलेली ती सुपारी तिने देव्हाऱ्यातल्या तांब्यात ठेवली. तो तांब्या काशिरामचा आणि त्याचे नियमही काशिरामचेच. घेतलेली सुपारी हळद वाजवून होईपर्यंत तांब्यात राहायची, मग खाडीत सोडायची. होता होईतो परत करायची नाही. करावीच लागली, तर तीच सुपारी, तशीच अखंड, ज्याने घेतली त्याने आपल्या हाताने न्यायची. आणि घरात कुणी ती खाल्लीच, मग ते पोर असो की उंदीर, तर मरणाच्या दारातून उठून वाजवायला जायचं. एका साली काशिरामला कावीळ झाली होती. यजमान स्वतः म्हणाला, सुपारी परत द्या, आम्ही रागवत नाही. काशिरामने तांब्यात हात घातला तर उंदराने सुपारीचा भुगा केलेला. तो तसाच उठला आणि वाजवून आला. त्या मांडवात नवरीपेक्षा तोच पिवळा दिसत होता. शिवा तेव्हा दहा वर्षांचा होता. बापाच्या शेजारी पाण्याचा पेला धरून बसला होता आणि भीतीने रडत होता.

शिवाला सुपारीचं कळलं तेव्हा तो जेवत होता. घास ताटात तसाच राहिला.

“मी नाय बोललो व्हतो ना?”

“माज्या भावाची पोर हाय.”

“सातव्या दिवशी शेवटचं गाणं हाय, आये. सगल्यात मोठं. त्याच्यासाठी तर आख्खा अल्बम हाय.”

“मंग सा दिवसांत उरका. पहिला दोन दिवसांत केलात.”

“पहिला चुकून झाला,” कादंबरी म्हणाली. “दुसरा चुकून होत नाही, आई. दुसऱ्याकडे लोक टपून बसलेले असतात, की यांना खरंच येतं का नुसतंच जमून गेलं.”

“तुला कोनी इचारलं?”

“नाही विचारलं. पण जेवायला मीही इथेच बसलेय.”

रंभाने भाताचं पातेलं उचलून आत नेलं. पुढचा भात कुणी मागितला नाही.

सत्यजीत आला. केसांची शेंडी बांधलेला, पायात चपला न घालणारा, चाळिशीचा माणूस. त्याने गॅरेजभर वायरी पसरल्या, भिंतींना गोधड्या लटकवल्या. त्यातल्या दोन रंभाच्या होत्या. मग तो वर स्वयंपाकघरात आला.

“काकू, एक विनंती. दहा ते सहा कुकर नको. मिक्सर नको. भांडी जरा हळू. खाली सगळं ऐकू येतं.”

“मागच्या खेपंला कुकर चालला. लोकं नाचली त्याच्यावर.”

“तेव्हा ठीक होतं. या वेळी मला गॅरेजचा आवाज हवाय, घराचा नको.”

“गॅरेज कोनाच्या घराला हाय? आनि मी काकू नाय, काकी हाय.”

तो हसून, हात जोडून खाली गेला. विमान डोक्यावरून गेलं की तो शिव्या द्यायचा, थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. विमानाला कुणी विनंती करायला गेलं नाही. रंभाने सहा माणसांची डाळ पातेल्यात शिजवली. तूरडाळीला दीड तास लागायचा आणि तो दीड तास ती गॅसपाशी उभी राहून खालचं ऐकायची. गिटार पोटात शिरून घुसळायची. प्रितमचे ड्रम ओट्यावरच्या वाट्या हलवायचे. त्या सगळ्याच्या वर कादंबरीचा आवाज, गळा खरवडून निघालेला, जणू कुणी तिचे केस धरून ओढत होतं. एकच ओळ ती तीस वेळा गायची. तिसाव्या वेळीही रंभाला ती पहिल्यासारखीच वाईट वाटायची. पण मिठाच्या पाट्या वाहिलेल्या बाईला हे समजत होतं की सून कष्टाला चुकार नाही. त्यामुळे तर अधिकच राग येई. आळशी सुनेला बोलता तरी येतं.

जेवायला सगळे वर येत. सत्यजीतला जेवल्यावर सुपारी लागायची. ती कातरून द्यायचं काम कादंबरीचं. रंभाने लग्नानंतर सुनेला बरंच शिकवायला घेतलं होतं. मासळी साफ करणं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. त्यातलं एकच तिला नीट आलं, अडकित्त्याने सुपारी कातरणं. कागदासारखे पातळ पापुद्रे काढायची. अडकित्ता पितळी, मोराच्या आकाराचा, रंभाच्या आईने दिलेला.

पाचव्या दिवशी जेवणानंतर शिवा मागे थांबला.

“परवा हलद. उद्या बेलपाड्याला जा आनि सुपारी परत दे. तू घेतलीस, तूच दे.”

“दादूसला काय सांगू?”

“खरं सांग. पोरगा नाय बोलला.”

“आम्ही दुसरी पार्टी ठरवून देतो ना,” कादंबरी दारातून म्हणाली. “उलव्याची एक चांगली आहे. मी फोन करते. मामांना काही बघावं लागणार नाही.”

रंभाने सुनेकडे बघितलं. ही पोरगी खरंच मदत करायला निघाली होती. तिच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता, आणि रंभाला वाटलं, हिने कपट केलं असतं तर मी हिला एक वेळ माफ केलं असतं. तिच्या माहेरच्या मांडवात, तिच्या भाचीच्या हळदीत, उलव्याची पार्टी. बेलपाड्याच्या बायका तोंडावर पदर धरून विचारणार, ‘काय गो रंभा, घरात पार्टी आनि दारात दुसऱ्याची?’

“बरं,” ती म्हणाली.

ती इतक्या लवकर ‘बरं’ म्हणाली हे शिवाला विचित्र वाटायला हवं होतं. पण त्याचं लक्ष खाली होतं.

सहाव्या दिवशी सकाळी शिवा दूध आणायला निघाला, तेव्हा रंभाने जिन्यातून हाक मारली. “सुपारी घेऊन ये रं. डबा रिकामा झालाय. कालपासून एक नाय.” कादंबरी खाली गळा गरम करत होती, तिच्या कानावर हे गेलं नाही. शिवाने मान हलवली आणि नेहमीप्रमाणे तो विसरला.

डबा रिकामा नव्हता. त्यात सात सुपाऱ्या होत्या. रंभाने त्या काढून तांदळाच्या पिंपात खोल पुरल्या. मग देव्हाऱ्यापुढे गेली. तिने हात जोडले नाहीत. तांब्यातली सुपारी काढली, नळाखाली धरली, अंगठ्याने चोळून कुंकू काढलं. हळद मात्र रेषांमध्ये शिरून बसली होती. ती पुरती निघेना. देव बघतोय याचं तिला काही वाटलं नाही. काशिराम बघत असेल, याचं वाटलं. ‘बघ,’ ती मनात त्याला म्हणाली, ‘तुज्या नावासाठी तुजाच नियम मोडते. बोल काय बोलायचंय ते.’ काशिराम जिवंत असतानाही तिला उलट बोलत नसे.

ती एकटी सुपारी तिने डब्यात टाकली, शेजारी अडकित्ता ठेवला आणि डाळीखाली गॅस लावला.

जेवणं झाली. रंभा मुद्दाम मोरीत भांडी घासत बसली. पाठीमागे डब्याचं झाकण वाजलं. मग अडकित्त्याचा आवाज आला. कट. कट. कट. तीन घावांत सुपारी फुटली आणि मग बारीक कातरण्याची कुरकुर. तिने घासून झालेली कढई पुन्हा घासायला घेतली.

“वा,” सत्यजीत म्हणाला. “आजची मस्त आहे.”

चार वाजता रंभाने ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं, पिशवीत नारळ घातला. मग देव्हाऱ्यापुढे जाऊन तांब्या उपडा केला आणि अशी हाक मारली की खाली गिटार थांबली.

“शिवा! सुपारी कुटं हाय?”

सगळे वर आले. शिवाने तांब्यात हात घातला, तांब्या हलवला, देवांच्या मागे बघितलं.

“उंदीर?” प्रितम म्हणाला.

“उंदीर अडकित्ता घेऊन येत नाय,” रंभा म्हणाली. “दुपारी कोनी कातरली सुपारी?”

“मी,” कादंबरी म्हणाली. “पण ती डब्यातली होती.”

“डब्यात कुटली? डबा कालपासून रिकामा हाय. सकाली शिवाला आनाला सांगितली.”

शिवाने बायकोकडे बघितलं. “सांगितली व्हती. मी विसरलो.”

“अरे, डब्यात एक होती! मी स्वतः झाकण उघडलं.”

“कशी दिसत होती?”

कादंबरीला खोटं बोलायची सवय नव्हती. “थोडी पिवळट होती. मला वाटलं, मसाल्याच्या डब्यातली हळद लागली.”

“पिवली व्हती!” शिवाचा आवाज बदलला. “हलद लागलेली सुपारी तू कातरलीस? तुला तांब्यातली दिसली नाय?”

“शिवा, मी देवातलं काहीतरी उचलून लोकांना खायला घालीन का?”

“मंग डब्यात काय ती चालत गेली?”

सत्यजीतने तोंडातला उरलेला तुकडा जिभेने एका बाजूला केला आणि तो गिळावा की थुंकावा हे त्याला कळेना. “अहो, एक सुपारी तर आहे. दुसरी घेऊन या दुकानातून.”

त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. शिवा खाली बसला होता, तांब्या मांडीवर घेऊन. सत्तावीस वर्षांचा, दंडावर कवटी गोंदलेला बाप्या. पण रंभाला त्याच्या हातात पाण्याचा पेला दिसला. तिला ठाऊक होतं तो काय बोलणार. तिने त्याला नऊ महिने पोटात आणि सत्तावीस वर्षं डोळ्यांपुढे बाळगला होता.

“प्रितम,” तो म्हणाला, “ढोलकीवाल्यांना फोन लाव. उद्या चारला बेलपाडा.”

“आणि गाणं?” कादंबरीने विचारलं.

“तू कातरलंस ना गाणं,” तो म्हणाला आणि खाली गेला.

कादंबरी तिथेच उभी राहिली. रंभा पिशवीतला नारळ काढून पुन्हा फळीवर ठेवत होती.

“आई.”

“काय?”

“काल रात्री जेवल्यावर तुम्ही स्वतः सुपारी खाल्लीत. मी बघितलं. डबा रिकामा होता तर काय कातरत होता?”

“जुना तुकडा व्हता.”

कादंबरीने डबा उघडला, वास घेतला, बंद केला. मग ओटा बघितला, फळी बघितली, आणि शेवटी तांदळाच्या पिंपाशी जाऊन थांबली. झाकणावर हात ठेवला. पण कादंबरीने झाकण उघडलं नाही.

“उघडणार नाही,” ती म्हणाली. “उघडलं तर शिवाला सांगावं लागेल. मग तो उद्या जाणार नाही आणि त्या स्नेहलचं नाहक वाटोळं होईल. तिने माझं काही केलेलं नाही.” आणि दारातून वळून म्हणाली, “तुम्ही मला एक सरळ शब्द टाकला असता ना, मी त्याला घेऊन गेले असते. एकदाही नाही टाकलात.”

रंभाला त्यावर बोलायला बरंच काही होतं. तू माझं शटर काळं करताना टाकलास का शब्द, हे तर होतंच. पण ते सगळं तिला नंतर सुचलं, जिना रिकामा झाल्यावर.

हळद वाजली. बेलपाड्यात आता चहूकडे टॉवर आहेत आणि मध्ये तो गावाचा तुकडा. मांडव दोन इमारतींच्या सावलीत होता. शिवाने बापाचा बेंजो मांडीवर घेतला आणि बापाने वाजवली असती तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच चालीत वाजवली. एक सूर इकडचा तिकडे नाही. म्हाताऱ्या उठल्या. पिवळ्या अंगाने स्नेहल नाचली. कृष्णकांत डोळे पुसत बहिणीपाशी आला.

“काशिराम परत आला गो.”

रंभाने मान हलवली. बायका तिचे हात धरून बोलत होत्या. तिला हवं होतं ते सगळं समोर होतं. आणि तिला एकटीलाच ऐकू येत होतं की पोरगा वाजवत नाहीये, हजेरी लावतोय. काशिराम चुकायचा. मध्येच गाणं विसरायचा, हसायचा, भलतीच कळ दाबायचा आणि त्या चुकीवरून नवीनच काहीतरी काढायचा. हा एकदाही चुकला नाही. मान वर करून त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. कादंबरी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. कुणीतरी तिच्या गालाला हळद लावली, ती तिने पुसली नाही.

पंगती बसल्या तेव्हा शिवाने बेंजो पेटीत घातला, कड्या लावल्या आणि पेटी आणून आईच्या मांडीवर ठेवली.

“घे. नाव राखलं. आता तूच सांभाल.”

आठव्या दिवशी सत्यजीत यंत्रं घेऊन गेला. आठ गाणी झाली होती. नववं राहिलं. पंधरा दिवसांनी शिवा-कादंबरीने उलव्याला एका बांधकामाशेजारी गाळा घेतला, वर राहायला खोली घेतली. भांडण झालं नाही. भांडण व्हायला दोघांनी बोलावं लागतं. ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, सगळं टेम्पोत गेलं. गोधड्या धुऊन, घडी घालून परत दिल्या. रंभाने रंगारी बोलावून शटरवरचा काळा खरवडायला लावला. काळ्याबरोबर खालचा पिवळाही निघाला आणि तांबडी अक्षरंही. शेवटी नुसता पत्रा उरला.

“नवीन लिहू काय, काकी?” रंगाऱ्याने विचारलं.

“काय लिवशील?” ती म्हणाली आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

त्याच सुमारास अडकित्ता दिसेनासा झाला. तिने फळ्या झाडल्या, पिंपं उपसली, कामवाल्या बाईला चार शब्द ऐकवले. सात सुपाऱ्या तांदळात सापडल्या, पण अडकित्ता नाही. ती खलबत्त्यात सुपारी ठेचून खाऊ लागली. ठेचलेली सुपारी दाढेखाली खड्यासारखी लागायची.

दिवाळीच्या तोंडावर प्रितम आला. तो अधूनमधून यायचा, काकीच्या हातची भाकरी खायला. मोबाइल ओट्यावर उभा करून म्हणाला, “आला, काकी. दुसरा. ‘उधाण’ नाव ठेवलंय. पोरं येडी झाल्यात नवव्या गाण्यावर.”

“बंद कर ते. माजं डोकं दुखतंय.”

“नववंच लावतो. मंग जातो.”

पहिल्यांदा काहीच नव्हतं. फक्त खोलीचा आवाज, लांबून एखादा पंखा. मग, कट. कट. कट.

रंभाचा पिठातला हात थांबला.

पुन्हा तीन घाव, मग कुरकुर, पापुद्रे कातरल्याची. मग प्रितमच्या ड्रमने तेच तीन घाव उचलले, गिटारने उचलले, आणि एकदम सगळं कोसळलं. कादंबरी गात होती, नेहमीसारखी, केस ओढल्यासारखी. शब्द साधे होते. झाकण उघडू नको, झाकण उघडू नको, भुकेलं घर आहे, झाकण उघडू नको. मध्येच, सगळ्याच्या खालून, एक बेंजो आला. बापाचा नव्हता, नवीन असावा, तारा अजून कोऱ्या. तो दुसऱ्याच ओळीत चुकला, भलतीच कळ लागली आणि त्या चुकीवरून वर चढत गेला.

“शिवा नको बोलला व्हता,” प्रितम भाकरी मोडत म्हणाला. “वयनीच बोलली, बेंजो पायजेच. आनि तो सुरुवातीचा आवाज कसला ते वयनी कोनाला सांगत नाय. सत्यजीतसुदा इचारून थकला. तुला कलला काय?”

“नाय.”

“परत लावू?”

तिने भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, उलटली. ती फुगून खाली बसली.

“लाव. आनि तिचा नंबर लावून दे मना.”

गाणं संपेपर्यंत तिने आपला फोन हातात धरून ठेवला. मग कानाला लावला. पलीकडे काँक्रीटचा मिक्सर फिरल्याचा आवाज येत होता.

“कोण? आई?”

“अडकित्ता माजा हाय. माज्या आयशीने दिलेला.”

“माहीत आहे.”

“मंग पाठवून दे प्रितमच्या हाती.”

“नाही,” कादंबरी म्हणाली. “तिसऱ्या अल्बमलाही लागेल.”

रंभाने तव्यावरची भाकरी काढली. खालच्या बाजूने करपली होती. ती तिने प्रितमच्या ताटात वाढली आणि फोनमध्ये म्हणाली, “मंग धार तरी लावून घे. तिसरा घाव बोथट लागतोय.”

आणि सुनेने काही बोलायच्या आत तिने फोन ठेवून दिला.